वीस आंबे डागी, नफा निम्मा!

एप्रिल-मे महिन्यात आपल्या वारज्यात फळांच्या गाड्यांवर हापूसच्या पेट्या दिसू लागतात. गिऱ्हाईक एकेक आंबा निरखून बघतं आणि डाग दिसला की म्हणतं, "हा बदलून द्या हो!" आंबा बदलून मिळतो. पण त्या डागी आंब्याचा तोटा बऱ्याचदा शेवटी कुणाच्या माथी येतो? थेट कोकणातल्या बागायतदाराच्या!

चला, एक गणित मांडू. आकडे हिशेबापुरतेच, बरं का! बागेत १०० आंबे उतरले. खत, फवारणी, राखण, मजुरी, पेट्या आणि गाडीभाडं मिळून खर्च झाला १४०० रुपये. एक आंबा २० रुपयांना गेला, तर आले २००० रुपये. नफा ६००. आता समजा, त्यातले २० आंबे डागी निघाले आणि कॅनिंगला ५ रुपयांना एक असे द्यावे लागले. ८० चांगल्यांचे १६०० आणि २० डागींचे १००. नफा उरला फक्त ३००! पाचात एक आंबा बिघडला आणि नफा निम्मा झाला. कारण डागी फळावरही खर्च तेवढाच झालेला असतो.

हे डाग येतात कुठून? देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळा चट्टा उठतो. म्हणून देठासकट आंबा उतरवणारा 'नूतन झेला' दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केला. फळमाशी तर आंब्यातच अंडी घालते, मग आत अळ्या होतात. तिच्यामुळेच मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं. ते २०१५ मध्ये पुन्हा उघडलं.

पण सगळ्यात लबाड दोष म्हणजे साका. वरून आंबा पिवळाधमक, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर! बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा चांगल्या आंब्यावरचाही विश्वास उडतो. तापलेल्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण. म्हणून भर उन्हात आंबे उतरवू नयेत आणि उतरवलेले लगेच सावलीत ठेवावेत. याच विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात दिली. तिच्यात साका होत नाही.

आता घरी पेटी आली की डागी आंबे मोजा आणि वरचं गणित तुमच्या आकड्यांनी करून बघा. आणि हो, सालीवर नुसता चिकाचा लहानसा चट्टा असेल, तर नाक मुरडू नका. आतला गर तितकाच गोड असतो!