लिनक्सवरील अॅपचे दुसरे नाव

लिनक्सवरील डेस्कटॉप अॅपला दोन नावे असतात. एक मेनूत दिसते आणि वापरणाऱ्यासाठी असते. दुसरे संगणकासाठी असते. त्याला अॅप आयडी म्हणतात. मेनूतील नाव सुटसुटीत असले की पुरते, आयडी मात्र जगात एकमेव असावा लागतो.

लिनक्सची अनेक वितरणे आहेत आणि प्रत्येक वितरण आपल्या पॅकेजांची नावे स्वतः ठरवते. त्यातून गोंधळ होतो. डेबियन या वितरणात ‘क्रोमियम’ हे नाव आधी अंतराळातील गोळीबाराच्या एका खेळाकडे होते. त्यामुळे त्याच नावाचा ब्राउझर आला तेव्हा त्याला ‘क्रोमियम-ब्राउझर’ म्हणावे लागले. पुढे खेळाचे नाव बदलले आणि ब्राउझरला ‘क्रोमियम’ हे नाव मिळाले. उबुंटू या वितरणात मात्र जुनेच नाव राहिले.

फ्लॅटपॅक ही कोणत्याही वितरणावर चालणारी अॅप पुरवणारी पद्धत. तिथे असा गोंधळ परवडणारा नव्हता, म्हणून डोमेन (संकेतस्थळाचे नाव) उलट क्रमाने लिहून आयडी तयार करण्याची रीत तिने स्वीकारली. जावा भाषेत ही रीत आधीपासून होती. फायरफॉक्सचा आयडी ‘ऑर्ग.मोझिला.फायरफॉक्स’ आहे, व्हीएलसीचा ‘ऑर्ग.व्हिडिओलॅन.व्हीएलसी’. डोमेनला एका वेळी एकच मालक असतो, त्यामुळे दोन संस्थांचे आयडी एकमेकांवर आदळत नाहीत. स्वतःचे डोमेन नसलेला प्रोग्रॅमर गिटहबवरील आपल्या खात्याचे नाव वापरून ‘आयओ.गिटहब’ने सुरू होणारा आयडी घेऊ शकतो.

आयडीचे नियम कडक आहेत. त्यात टिंबांनी वेगळे केलेले किमान तीन भाग लागतात आणि एकूण लांबी 255 अक्षरांपर्यंतच चालते. रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा आणि शेवटच्या भागात संयोगचिन्ह एवढेच चालते. कोणताही भाग अंकाने सुरू होत नाही.

या एका आयडीवर बरेच काही अवलंबून असते. अॅपला मेनूत आणणारी डेस्कटॉप फाइल, त्याचे चिन्ह आणि माहितीची फाइल यांना तेच नाव द्यावे लागते. आयडीने सुरू न होणाऱ्या फाइली फ्लॅटपॅक मेनूपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे एक अॅप दुसऱ्याची जागा बळकावू शकत नाही. अॅपची माहितीही आयडीच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये साठते. खिडकी उघडल्यावर ती कोणत्या अॅपची, हे डेस्कटॉप सहसा आयडीवरूनच ताडतो. आयडी जुळला नाही, तर खिडकीला अॅपच्या चिन्हाऐवजी साधे सर्वसामान्य चिन्ह मिळते.

मेनूतील नाव मात्र मोकळे असते. डेस्कटॉप फाइलमध्ये प्रत्येक भाषेसाठी वेगळे नाव लिहिता येते, मराठीसाठीही. जीनोम या डेस्कटॉपचा फाइल व्यवस्थापक इंग्रजी मेनूत ‘फाइल्स’ म्हणून दिसतो. त्याचा आयडी ‘ऑर्ग.जीनोम.नॉटिलस’ आहे आणि मेनूची भाषा कोणतीही असली तरी तो तसाच राहतो.

आयडी बदलला की संगणकाच्या दृष्टीने ते नवेच अॅप ठरते. जुन्या आयडीखाली साठलेली माहिती आपोआप नव्याकडे जात नाही. त्यासाठी जुन्या आयडीचा वारस कोण, हे वेगळे नोंदवावे लागते. म्हणून अॅप बनवणाऱ्यांनी पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवण्याआधीच आयडी विचारपूर्वक ठरवावा. वापरणाऱ्यांनीही सारख्या नावाची दोन अॅप दिसली, तर चिन्हावर विसंबू नये, आयडी वाचून मगच निवड करावी.