‘पान लागलं’ हे यंत्राला कसे कळावे?

आपल्याकडे अंधार पडल्यावर सापाचे नाव कोणी घेत नाही. ‘लांबडं निघालं’, ‘जनावर दिसलं’, ‘किरडू होतं’ असे म्हणायचे, आणि कुणाला डसलेच तर ‘पान लागलं’. शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. पण हेच दोन शब्द दूरच्या शहरातून नुकत्याच बदलून आलेल्या डॉक्टरांपुढे काढले तर ते म्हणायचे, चुना जास्त झाला असेल! बरे, डॉक्टर हा माणूस आहे, त्याला समजावून सांगता येते. आरोग्य केंद्राच्या टेबलावर आता जो संगणक येऊन बसला आहे, त्याला कोण समजावणार?

मंडळी, हा थट्टेचा विषय नाही. मण्यारीचेच घ्या. ही रात्रीची हिंडते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका हलका की पुष्कळदा झोपही मोडत नाही. खुणा शोधून सापडत नाहीत. सूज नाही, रक्त नाही. पहाटे माणूस उठतो तो पोट धरून. घरचे म्हणतात, काल शिळे खाल्ले असेल. ओवा देतात, शेक देतात. मग पापण्या मिटू लागतात, ‘झोप येतीया’ म्हणतो, जीभ जड होते, आणि शेवटी श्वास अडतो. अशा माणसाला दवाखान्यात नेले आणि केसपेपरवर ‘पोटदुखी’ एवढेच उमटले, तर पुढचे उपचारही पोटाचेच व्हायचे.

आजाराला साऱ्यांनी एकाच नावाने ओळखावे, ही खटपट फार जुनी आहे. पॅरिसच्या बेर्तियों नावाच्या आकडेतज्ज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. तिचाच वाढता विस्तार आज जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक आजाराला आणि अपघाताला एक खूण आहे. विषारी सापाशी गाठ पडली तर एक्स-२०, सापाच्या विषाची बाधा टी-६३.०, आणि नुसते पोट दुखले तर आर-१०. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या बांधावर या एक्स-बिक्सचे काय काम? काम आहे, आणि ते मोठे आहे.

सर्पदंशाने आपल्या देशात किती माणसे जातात, हे पुष्कळ वर्षे कोणाला धड ठाऊक नव्हते. सरकारी आकडा दवाखान्यात झालेल्या मृत्यूंचा. पण सर्पदंशाची बहुतेक माणसे जातात ती घरात, वाटेत, नाही तर मांत्रिकाच्या ओट्यावर. ती कोणत्या वहीत येणार? भारताचे महानिबंधक कार्यालय आणि टोरांटोचे डॉ. प्रभात झा व त्यांचे सहकारी यांनी मिळून एक मोठी पाहणी केली. पाहणीची माणसे घरोघर गेली आणि ज्या घरी मृत्यू झाला तिथे बसून विचारू लागली, कसे झाले, आधी काय होत होते? घरच्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच भाषेत लिहून घेतले. मग तो कागद दोन डॉक्टरांनी वेगवेगळा वाचायचा आणि प्रत्येकाने त्याच्यावर त्या यादीतली खूण घालायची. दोघांचे जमले नाही तर तिसऱ्या जाणत्या डॉक्टरने निवाडा करायचा.

या कष्टातून २०११ साली जे छापून आले ते वाचून पुष्कळांचे डोळे उघडले. एका २००५ सालात सर्पदंशाचे सुमारे ४५,९०० मृत्यू! सरकारी दवाखान्यांच्या आकड्याच्या तीस पटींहून जास्त. पुढे २०२० साली दुसरा हिशेब आला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात, आपल्या पेरणी-खुरपणीच्या दिवसांत. म्हणजे रडत रडत एखादी माउली ‘पहाटं पोटात कळ आली, मग डोळं उघडंनात’ असे बोलली, ते बोलणे खुणेत बसले, आणि तेव्हा कुठे देशाला आपले नुकसान दिसले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतले. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची प्रत्येक नोंद कळवणे बंधनकारक करा, असे राज्यांना लिहिले.

ही यादी झाली मोजदादीची. रोजच्या उपचाराला त्याहून बारीक शब्द लागतात. त्यासाठी २००२ साली ‘स्नोमेड सीटी’ नावाचा शब्दभांडार तयार झाला. त्यात साडेतीन लाखांच्या आसपास वैद्यकीय कल्पना आहेत, आणि प्रत्येकीला एक आकडा. आपण जिला ‘शुगर’ म्हणतो आणि पुस्तके ‘मधुमेह’ म्हणतात, तिचा आकडा ७३२११००९. भारत २०१४ साली त्यात सामील झाला आणि देशाचे ते काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालते. नुसत्या शब्दावर विसंबले तर काय गोंधळ होईल ते आपल्याच भाषेत पाहा. ‘नागीण’ म्हणजे अंगावर पुरळांचा पट्टा उठतो तो आजार, आणि ‘घटसर्प’ हा घशाचा. दोहोंत साप कुठेच नाही! आणि जिथे साप आहे तिथे आपण म्हणतो ‘पान’.

आता उपचारांचे नियमही संगणकात घालू लागले आहेत. गरोदर बायांच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तसा एक संच काढला. त्याची रीत ‘जर असे, तर तसे’ अशी. जर हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली, तर तीव्र पंडुरोग, ताबडतोब पुढे पाठवा. पण एका नर्सबाईने ‘रक्त कमी’ लिहिले, दुसरीने ‘अशक्तपणा’, तिसरीने आकडा लिहिला पण कशाचा ते लिहिलेच नाही, तर यंत्र गप्प बसते. सर्पदंशातही तेच. ‘पापणी पडणे’ हे लक्षण ठरल्या नावाने नोंदले तरच ‘विष नसांवर चढते आहे’ असा इशारा उमटेल. ‘झोप येते’ असे नोंदले तर उमटणार नाही.

माझे स्पष्ट मत असे की, या खुणा पाठ करणे हे रोग्याचे काम नव्हे. यंत्र बनवणाऱ्यांनी गावोगावचे शब्द गोळा करून त्यांपुढे जोडावेत. आणि घाईत ‘इतर’ या रकान्यावर बोट ठेवून मोकळे व्हायची सवय लिहिणाऱ्यांनी सोडावी. रात्री तीस रोगी उभे असताना हे अवघड असते, तेही मी जाणतो.

आपल्या हाती आहे ते एवढे. निदान आपण सांगू नये, ‘गॅस झालाय’ म्हणू नये. घडले ते सांगावे. रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे इतक्या वाजता पोटात कळ आली. पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात. ‘पान लागलं’ म्हणालात तर लगेच ‘साप’ हा शब्दही उच्चारा. दवाखान्यात त्याची भीती धरू नका. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर लस एकच आहे. आणि मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ आली, तर १०८ ची गाडी सुटण्याआधी चिठ्ठीवर चावल्याची किंवा पहिल्या त्रासाची वेळ आणि लशीच्या किती कुप्या दिल्या ते लिहिले आहे का, तेवढे वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा.