ओंडक्यावरची अळिंबी आणि भाताचा पेंढा



पहिल्या पावसानंतर शिरपामाळच्या आसपास आणि जव्हार-मोखाड्याच्या रानात वारुळांवर अळिंबी उगवते. ती वाळवीच्या सोबतीनेच वाढते, त्यामुळे तिची घरी लागवड होत नाही. लाकडावर वाढणारी धिंगरी मात्र घरात घेता येते.

धिंगरीची लागवड सुरुवातीला लाकडावरच झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, जर्मनीत फाल्क यांनी ती झाडांच्या बुंध्यांवर व ओंडक्यांवर वाढवली. ही पद्धत आजही करता येते. आंबा किंवा सावरीची ताजी, मीटरभर लांबीची फांदी घ्यावी. तिला भोके पाडून त्यांत बियाणे (स्पॉन) भरावे, भोके मेणाने बंद करावीत आणि ओंडका सावलीत ओला ठेवावा. परंतु पीक येण्यास सहा महिने ते वर्ष लागते. शिवाय सरपणालाच लाकूड पुरत नाही, तेथे अळिंबीसाठी उभे झाड तोडणे योग्य नाही व कायद्यातही बसत नाही. वाऱ्याने मोडलेली फांदी असेल तर हौस म्हणून करून पाहावे.

आपल्याकडे खरा उपयोगी पडतो तो भाताचा पेंढा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत 1962 साली बानो व श्रीवास्तव यांनी पेंढ्यावर धिंगरी घेऊन दाखवली, तेव्हापासून हीच पद्धत रूढ झाली.

पेंढा त्याच हंगामातील, पिवळा व न भिजलेला असावा. त्याचे 3 ते 5 सें.मी. तुकडे करून पोत्यात भरावेत आणि रात्रभर पाण्यात भिजवावेत. सकाळी निथळून 80 अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवावेत. येथे घाई केली की हिरवी बुरशी आलीच म्हणून समजा. थंड झालेला पेंढा मुठीत दाबला असता पाणी टपकू नये, हात फक्त ओला व्हावा. प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा चार बोटे थर, त्यावर कडेने बियाणे, असे थर द्यावेत. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या 2 टक्के बियाणे पुरते. तोंड बांधून पिशवीला 25-30 छिद्रे पाडावीत.

कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घर यासाठी चांगले. मात्र चुलीच्या धुरापासून पिशव्या दूर ठेवाव्यात. 15 ते 20 दिवसांत पेंढा पांढराशुभ्र होतो. मग पिशवी कापून काढावी व दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावे. कडा वर वळण्यापूर्वी पिळा देऊन काढणी करावी. साधारण आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा पीक मिळते. एक किलो कोरड्या पेंढ्यापासून अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी धरावी.

हंगाम भातकापणीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. पुढे उष्णता वाढते आणि मोखाड्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण होते. नेमक्या याच महिन्यांत अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पाच पिशव्यांनी ते स्थलांतर थांबेल असे आम्ही म्हणणार नाही. पण मागे राहिलेल्या घरात मुलांच्या ताटात प्रथिने येतील. म्हणून पहिल्या वर्षी विक्रीचा विचार न करता घरापुरतेच करावे. बियाण्यासाठी दापोलीचे कृषी विद्यापीठ किंवा कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र येथे आधी चौकशी करावी. बियाणे हाती येण्यापूर्वी पेंढा भिजवू नये.

ताजी अळिंबी दिवसभरच टिकते. उरलेली उन्हात कडक वाळवावी. दहा किलोची साधारण एक किलो होते. वापरलेला पेंढा शेणखताच्या खड्ड्यात टाकावा.