गावचं संग्रहालय : पाहावं कसं, जपावं काय

मंडळी, आजचा विषय साधा आहे. मुंबई-नागपूरची मोठी संग्रहालयं कशी पाहावीत हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपण बोलू दोन खोल्यांच्या संग्रहालयाबद्दल. गावातली चार हौशी माणसं ते चालवतात, तिकीट नसतं, आणि किल्ली बहुधा शेजारच्या दुकानात असते. तिथं जाऊन बघायचं काय? आणि सुलतानपूरसारख्या गावात असं काही उभं करायचं झालं तर त्यात ठेवायचं काय?

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, म्हणून सुरुवात न्यायदर्शनापासून करतो. घाबरू नका, लगेच गावात येऊ. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमान आज बाजूला ठेवू. बाकीची तीन संग्रहालयाच्या दारातच उभी असतात.

समजा, समोर धान्य मोजायची पायली आहे. ती डोळ्यांना दिसते, हे प्रत्यक्ष. तिचा काठ एकाच बाजूनं झिजलेला दिसतो, त्यावरून आपण म्हणतो की माप सपाट करताना हात नेहमी त्याच बाजूनं फिरत असणार. हे अनुमान. आणि ती दाखवणारे काका सांगतात, 'ही आमच्या आजोबांची, खळ्यावर बलुतेदारांना धान्य हिनंच मोजून द्यायचे.' हा शब्द. न्यायात शब्दालाही प्रमाण मानतात, पण सांगणारा आप्त असला पाहिजे. म्हणजे त्याला माहीत असलं पाहिजे, आणि खरं सांगायची इच्छाही असली पाहिजे. दोन्ही हवं बरं का. नुसती इच्छा असून भागत नाही.

आता आमची एक चूक सांगतो. आमच्या घरी अशीच एक पायली होती. वडील गेल्यावर घर आवरताना जुन्या पत्र्याबरोबर आम्ही ती भंगारात दिली. काही वर्षांनी नातवानं विचारलं, 'आजोबा, एक पायली म्हणजे किती किलो?' आम्ही ऐटीत सांगायला गेलो आणि अडलो. एक तर पायली हे आकारमानाचं माप, वजनाचं नाही. ज्वारीची पायली आणि तुरीची पायली वजनात सारखी भरत नाही. त्यात मुलखामुलखाची पायली निराळी. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, हळूहळू किलो-लिटर रूढ झाले, आणि गावोगावची मापं माळ्यावर गेली. आमच्या घरची पायली केवढी होती हे सांगू शकणारी एकच वस्तू जगात होती. ती आम्ही चार पैशांना विकली. आठवण होती, पण आठवणीत धान्य मोजता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. वस्तू आहे, पण तिची नोंद नाही, असंही होतं. सुलतानपूरचंच बघा. हा भाग वऱ्हाडातला. 1853 साली निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. पण इथून दक्षिणेला, लोणारच्या पलीकडं, निजामाचं राज्य 1948 च्या सप्टेंबरपर्यंत चालू राहिलं. तिकडं हाली शिक्का चाले, इकडं इंग्रजी रुपया. आता इथल्या एखाद्या घरात आजीच्या डब्यात हाली शिक्का निघाला, तर तो आला कुठून? बैलबाजारातून? पलीकडच्या गावाहून आलेल्या सुनेबरोबर? आजीला विचारून लिहून ठेवलं तर ते नाणं दोन राज्यांच्या हद्दीवरच्या संसाराची गोष्ट सांगतं. नाही लिहिलं तर ते नाणेबाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही नाण्यासारखंच.

कुणी म्हणेल, हे हौशी लोकांचं काम नव्हे. का नाही? धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघा. गोरोबाकाकांचं गाव, आणि त्याच्याही कितीतरी आधीचं तगर नावाचं व्यापारी नगर. तिथं शेतांतून, पांढरीतून मणी, मातीच्या मूर्ती वर येत. त्या रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसानं जमवल्या. आज ते संग्रहालय शासनाकडे आहे आणि त्यांच्या नावानं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि 1975 साली शासनाला दिल्या. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. दोघांचीही सुरुवात झाली ती लोकांना टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूंपासून.

मात्र एक पथ्य. ऐकीव आणि तपासलेलं यांची खिचडी करू नये. लोणारचंच उदाहरण घ्या. लवणासुराला विष्णूनं मारलं ही कथा, आणि बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर झालं हा भूशास्त्राचा निष्कर्ष. संग्रहालयात दोन्ही हवेत. कथा काढून टाकली तर दैत्यसूदनाचं मंदिर कळणार नाही, निष्कर्ष काढून टाकला तर खडक कळणार नाही. पण पाटीवर स्पष्ट लिहावं : ही परंपरा सांगते, हे तपासातून कळतं. वाचणाऱ्याचा अपमान कशानंच होत नाही, फसवणूक मात्र टळते.

तेव्हा पाहायला जाल तर घाई करू नका. पाटी वाचा, मग सांगणाऱ्याला विचारा, 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' चांगला कार्यकर्ता या प्रश्नावर रागावत नाही, खुर्ची पुढं करतो. आणि इथं काही सुरू करायचं असेल तर इमारतीच्या आधी दोनशे पानी वही आणा. प्रत्येक वस्तूला चार ओळी : कुणाच्या घरची, कशासाठी वापरत, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. खोली पुढंमागं मिळेल. सांगणारी माणसं मात्र आमच्या वयाची आहेत, ती थांबणार नाहीत.

इथंच थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी पायली असेल तर कृपया जाऊ नका. तिच्यात किती लिटर पाणी मावतं, ते आम्हाला मोजून घ्यायचं आहे.