काच आणि जलरंगांमधली फट

माउंटशिवाय, म्हणजे भोवती पुठ्ठ्याची चौकट न लावता, चारही कडा दिसणारे जलरंगचित्र देखणे दिसते. पण कागद काचेला टेकवू नका. जलरंग कागदावर धरून ठेवतो तो बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, आणि तो पाण्यात विरघळतो. मुंबईच्या जुलैत आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. काच थंड झाली की आतून दव धरते, डिंक ओलावतो, रंग काचेला चिकटतो, मागोमाग बुरशी. माउंटचे खरे काम काच आणि चित्र यांच्यात फट राखणे, शोभा नंतरची. तो नको असेल तर फ्रेमच्या खाचेत, काचेच्या कडेने, ३ ते ६ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी बसवून घ्या. चित्र आम्लरहित पुठ्ठ्यावर फक्त वरच्या कडेने, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ वापरून टांगावे; ओलाव्याने फुगणाऱ्या कागदाला हलायला वाव राहतो. फ्रेमवाल्याने सेलोटेप काढली, तर चित्र घेऊन सरळ घरी या.