पानाचा फोटो काढताना पांढरी छत्री धरा

टोमॅटोच्या पानावर डाग दिसला की आपण आज पहिलं काम काय करतो? पान तोडतो, तळहातावर ठेवतो, भर उन्हात मोबाईलवर फोटो काढतो आणि कृषी कर्मचाऱ्याला नाहीतर औषधाच्या दुकानदाराला पाठवून देतो. तिकडून औषधाचं नाव येतं आणि संध्याकाळी पंप पाठीवर चढतो. पण त्या फोटोत रोग नीट दिसला होता का? फोटो फसला की निदान फसतं. मग औषधाचा पैसा जातो, मजुरी जाते, आणि रोग मात्र वाढतच राहतो.

उन्हात काय बिघडते?

दुपारचं ऊन कडक असतं. पानाचा चकाकणारा भाग फोटोत पांढराफटक येतो आणि सावलीतला भाग काळाकुट्ट. आता द्राक्षाचं पाहा. केवड्यात पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी असते. भुरीत पांढुरकी भुकटी पसरते. दोन्हींची औषधं वेगळी. फोटोत सगळंच पांढरं झालं तर सांगणाऱ्याने ओळखायचं कसं? कांद्याच्या पातीवर फुलकिड्यांमुळे चंदेरी चट्टे पडतात. उन्हात निरोगी पातही तशीच चमकते. टोमॅटोवरील लवकर येणाऱ्या करप्याची खूण म्हणजे डागातली एकात एक वर्तुळं. काळ्या सावलीत तीच हरवतात.

छत्रीचे काम

लग्नात फोटोग्राफर दिव्यापुढे पांढरी छत्री उघडून लावतो, ते तुम्ही पाहिलं असेल. प्रकाश त्या कापडातून पसरून येतो. एका ठिकाणाहून न येता सगळ्या छत्रीवरून आला, की सावलीची धार मोडते आणि चकाकी कमी होते. छत्री जितकी जवळ, तितका उजेड मऊ. हीच युक्ती शेतात चालते. इथे दिव्याच्या जागी सूर्य, एवढाच फरक.

छत्री मात्र पांढरीच हवी आणि तिच्यातून उजेड आरपार आला पाहिजे. काळ्या छत्रीने नुसती सावली पडते. रंगीत छत्रीचा रंग पानावर उतरतो. हिरव्या शेडनेटखालीही हाच धोका आहे. ढोबळी मिरचीचं पिवळं पडलेलं पान तिथे हिरवट दिसतं, म्हणून पान बाहेर आणून फोटो काढावा. छत्री नसेल तर जुनं पांढरं धोतर दोन काठ्यांना ताणून बांधा. फक्त त्याला नीळ चढलेली नसावी, नाहीतर फोटो निळसर येईल.

फोटो असा काढावा

१) सूर्य आणि पान यांच्या मध्ये, पानापासून दीड-दोन फुटांवर छत्री धरावी. शक्यतो दुसऱ्या माणसाला धरायला सांगावे.
२) पान पूर्णपणे छत्रीच्या सावलीत असावे. अर्धे ऊन, अर्धी सावली नको.
३) मोबाईलची काच पुसून घ्यावी, फ्लॅश बंद ठेवावा.
४) पानाशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि एक नाणे ठेवावे. कागदावरून रंगाचा आणि नाण्यावरून डागाच्या आकाराचा अंदाज येतो.
५) पानाची वरची बाजू, खालची बाजू, पूर्ण झाड आणि प्लॉट असे चार फोटो पाठवावेत. प्लॉटच्या फोटोला छत्रीचा उपयोग नाही.

रात्री घरी फोटो काढायचा झाल्यास पिवळा दिवा बंद करून पांढऱ्या उजेडाची बॅटरी छत्रीच्या वरून मारावी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या बाजूला किंवा आंबोली-नाणेघाट परिसरात ढग दाटलेले असले तर छत्रीची गरजच नाही. आभाळच मोठी पांढरी छत्री होते. पानावरचं पाणी तेवढं हलकेच झटकून टाकावं.

फोटोची मर्यादा

२०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव पट्ट्यासह राज्याच्या काही भागांत टोमॅटोची फळं नीट रंगेनात, त्यांवर पिवळसर चट्टे दिसू लागले. ही गोष्ट फोटोवरून मिटणारी नव्हती. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा विषाणूंचा उलगडा झाला. म्हणजे चांगल्या फोटोने शंका योग्य दिशेला लागते, पण विषाणूची खात्री प्रयोगशाळेतच होते. शंका राहिली तर ताजा नमुना घेऊन नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे.

गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनाही एक विनंती. ग्रामपंचायतीत एक पांढरी छत्री ठेवावी. पीक पाहणीला जाताना ती सोबत न्यावी आणि रोगट पाना-फळांचे जवळचे फोटो तिच्याखालीच घ्यावेत. आणि शेतकरी बंधूंनो, तुम्ही पुढचा पंप भरण्याआधी पाठवलेला फोटो एकदा मोठा करून पाहा. डागाची कड तुम्हालाच दिसत नसेल, तर ती समोरच्यालाही दिसणार नाही. फोटो पुन्हा काढा, फवारणी नंतर करा.