शिदोरीची मर्यादा आणि रोजचे परान्न

मकर संक्रमणाचा पर्वकाळ समीप आला की सोलापूरचे अवघे जनजीवन ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेशी एकरूप होऊन जाते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि होमप्रदीपन या विधींनी नगरी मंगलमय होते. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशातील भाविक या सोहळ्यासाठी लोटतात. दर्शन झाले की पावले साहजिकच होम मैदानावरील गड्ड्याकडे वळतात. पाळणे, खेळणी आणि त्यांच्या जोडीला खाद्यपदार्थांची दुकाने! यात्रेत चार घास बाहेर खाणे हाही या उत्सवाचा एक आनंदच होय, आणि त्यात गैर असे काहीच नाही. परंतु यात्रेतील हे खाणे यात्रेपुरते राहिले आहे काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने या पर्वकाळी करावयास हवा.

हुरडा आणि दहीभात

घराबाहेर अन्न ग्रहण करणे आपल्या परंपरेने कधीही निषिद्ध मानलेले नाही. किंबहुना बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या चरित्राचा आरंभच शेतातील एका भोजनप्रसंगाने होतो. बालक सिद्धराम रानात गुरे राखीत असता मल्लय्या नावाचा जंगम तेथे आला. सिद्धरामांनी त्यास कोवळा हुरडा दिला. तो खाऊन पोटात दाह होऊ लागला, तेव्हा जंगमाने दहीभात मागितला. बालक घरी धावला आणि दहीभात घेऊन परतला, तो जंगम अंतर्धान पावलेला! त्याच्याच शोधात सिद्धराम श्रीशैलापर्यंत गेले, असे ही कथा सांगते. भक्तीच्या दृष्टीने तिचा अर्थ थोर आहेच. परंतु उष्ण पदार्थानंतर शीतल अन्न द्यावे, हा साधा आहारविवेकही तीत सहज गोवलेला दिसतो.

शरणांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही दोन तत्त्वे जोडीने सांगितली. आधी श्रम, मग त्या श्रमाचे फळ सर्वांसह वाटून घेणे. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. अक्कलकोट येथे १९८८ साली स्थापन झालेले अन्नछत्र मंडळ आजही स्वामीभक्तांना महाप्रसाद देत आहे. अन्नछत्राच्या पंगतीत बसणाऱ्यास आवडीनिवडी सांगता येत नाहीत. पानात येईल ते प्रसाद म्हणून ग्रहण करावयाचे असते. जिभेला आवर घालण्याचा हा केवढा सुलभ पाठ!

परान्नाचा नियम

तथापि आपल्या पूर्वजांनी बाहेरच्या अन्नास मर्यादा निश्चित घातली होती. चातुर्मासात परान्न वर्ज्य करण्याचे व्रत अनेक घरांतून श्रद्धेने पाळले जाई. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहारविहाराचा महिमा सांगितला आहे, तर सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार वर्णिले आहेत. अतिशय तिखट, अतिशय खारट, शिळे आणि रस गेलेले अन्न त्यात सात्त्विक गणलेले नाही. अन्न कोणी शिजविले याइतकेच ते केव्हा शिजविले, किती खाल्ले आणि कोणत्या प्रसंगी खाल्ले, यास महत्त्व होते.

शिदोरीचे शास्त्र

ही मर्यादा पाळता यावी म्हणूनच शिदोरी होती. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी या दोन पदार्थांकडे कौतुकाने पाहावे असेच त्यांचे गुण आहेत. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून तिच्यातील ओलावा पूर्णपणे घालविला की ती अनेक दिवस टिकते. कारण ओलाव्यावाचून बुरशी वाढत नाही. शेंगदाण्यात सुमारे एक चतुर्थांश भाग प्रथिने असतात आणि ज्वारीतून तंतुमय अंश मिळतो. अशी शिदोरी पोटाला दीर्घकाळ आधार देते आणि वाटेत जे मिळेल ते खाण्याची पाळी येत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जगाला आज पटलेली गोष्ट आपल्या आजीच्या फडक्यात बांधलेली होती!

ज्यांना शिदोरीही शक्य नव्हती त्यांच्यासाठी खानावळी होत्या. गिरण्यांच्या या गावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारास आणि विद्यार्थ्यास खानावळीचाच आसरा असे. येथील लिंगायत खानावळींतून आजही भाकरी, उसळ, चटणी आणि दही असे घरच्या वळणाचे जेवण मिळते. म्हणजेच बाहेरचे अन्नही घरच्यासारखे असू शकते.

पालटलेली परिस्थिती

आज पालटले आहे ते काय? पूर्वी यात्रेकरू कोस दोन कोस पायी चालून येई. आज वाहन थेट यात्रेच्या तोंडाशी उतरविते. श्रम उणावले आणि खाणे मात्र वाढले. सणाचा पदार्थ सणापुरता न राहता रोजच्या सायंकाळचा झाला. एकादशीच्या उपवासासही तळलेला साबुदाणा वडा विकत मिळतो. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदापासून बनणारा, बहुतांशी निव्वळ पिष्टमय पदार्थ होय. तो तेलात तळून पोटभर खाल्ला तर व्रताचे नाव उरते, लंघनाचा लाभ उरत नाही.

याचे परिणाम गंभीर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज वर्तविला आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्या व्याधीच्या उंबरठ्यावर आहेत. केवळ बाहेरचे खाणे हेच याचे कारण, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आनुवंशिकता, बैठे काम, अपुरी झोप हीही कारणे आहेतच. परंतु मैदा, साखर, मीठ आणि तळण यांचा अतिरेक त्यांत भर घालतो. दिवसाकाठी एका प्रौढ व्यक्तीने पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आतच मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेरच्या पदार्थात ते किती पडले, हे खाणाऱ्यास कळतच नाही. वारंवार तापवून बिघडलेल्या तळणीच्या तेलावर शासनाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे; तथापि कढईवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य ग्राहकाचेही आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. घरचे अन्न हवे म्हणून त्याचा सारा भार गृहिणीच्याच माथी मारणे योग्य नव्हे. या नगरीतील असंख्य भगिनी विड्या वळून, शिवणकाम करून, कचेरीत वा शाळेत नोकरी करून संसारास हातभार लावतात. त्यांनी थकल्या हातांनी पुन्हा चुलीपुढे उभे राहावे आणि इतरांनी केवळ ताटाची वाट पाहावी, हा धर्म कसा ठरेल? श्रमाची वाटणी हाही दासोहच होय. शिवाय आज येथील कित्येक महिला कडक भाकरी आणि चटणी तयार करून विकतात. त्या विकत घेतल्याने आपल्या घराची सोय होते आणि दुसऱ्या घराची चूल पेटते.

संक्रांतीचा संकल्प

ऋतूनुसार आहार कसा असावा, हे सांगण्यास भोगीच्या ताटासारखा गुरू नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, घेवडा, पावटा आणि हरभऱ्याचे सोलाणे घातलेली भाजी, वर लोण्याचा गोळा. मागून संक्रांतीची शेंगापोळी. थंडीत शरीरास लागणारी स्निग्धता आणि शेतात त्या वेळी पिकणारे सारे त्यात आले.

म्हणून या पर्वकाळी प्रत्येक घराने एक छोटासा संकल्प करावा. यात्रेला जाताना घरून शिदोरी न्यावी. गड्ड्यावर मुलांना आवडेल तो एक पदार्थ, डोळ्यांदेखत तयार झालेला, सर्वांनी वाटून खावा. मधुमेहींनी तिळगूळ प्रसादापुरताच घ्यावा आणि औषधाच्या वेळा चुकवू नयेत. शक्य असेल त्यांनी मंदिरापर्यंतची वाट पायीच चालावी. बाहेरचे भोजन वर्षभर प्रसंगापुरते ठेवावे आणि दिवसाचे एक जेवण तरी सर्व कुटुंबाने एकत्र, घरच्या ताटावर करावे.

अन्न हे पूर्णब्रह्म आहे असे आपण पंगतीत म्हणतो. त्या ब्रह्माचा मान राखणे आपल्याच हाती आहे. श्रीसिद्धरामेश्वर सर्वांस आरोग्य आणि सुमती देवोत, हीच या मंगल पर्वावर प्रार्थना!